घरची वार्षिक सर्वसाधारण सभा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कौटुंबिक मेळाव्यात आपल्या माजी खजिनदारांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



कार्यक्रम समितीने मला विषय दिला, ‘संसार आणि पैसा’. मी म्हटलं, अहो, मी अकाउंट्समधला माणूस, पैशावर बोलेन. संसारावर बोलायला बाईंना बोलवा. समितीतली मुलगी म्हणाली, ‘‘काका, आधी बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, ह्यांनाच बोलू दे, ह्यांच्याकडे सांगण्यासारखं जास्त आहे.’’ याचा अर्थ काय ते माझ्या लगेच लक्षात आलं. त्या बघा, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. निम्म्या सोसायटीची मुलं त्यांच्या हाताखालून गेली, म्हणून तुम्ही सगळे त्यांना बाई म्हणता. आज मीही बाईच म्हणतो. आणि जे सांगणार आहे ते त्यांना विचारून सांगतो आहे, एवढं सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. इतिवृत्तात घ्या.

मी या सोसायटीचा अकरा वर्षं खजिनदार होतो. २००१ ते २०१२. जुन्या मंडळींना आठवत असेल, तेव्हा लिफ्टचं काम अर्धवट होतं, डोंबिवलीत लोडशेडिंग होतं आणि पाण्याचा टँकर आला की खाली हंडे-कळशांची रांग लागायची. त्या काळात मी सोसायटीचे हिशेब हाताने लिहिले. प्रत्येक खर्चाला व्हाऊचर, प्रत्येक व्हाऊचरला पावती, प्रत्येक चेकवर दोन सह्या. वर्षाला ऑडिट. ऑडिटर म्हणायचे, ‘‘तुमच्या वह्या म्हणजे बघायचं काम नाही.’’ मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. पण आज सांगतो, त्याच काळात माझ्या स्वतःच्या घराच्या हिशेबात एक फार मोठी रक्कम अशी होती की जिचं व्हाऊचर नव्हतं, पावती नव्हती आणि दुसरी सही तर नव्हतीच.

झालं असं. आमचा लोकलमधला ग्रुप होता. इथले बरेच जण त्या गाडीने जायचे, तुम्हाला माहीत आहे डब्यातली मैत्री काय असते ती. वीस वर्षं रोज दीड-दीड तास एकत्र. एकाच्या डब्यातली भाजी दुसरा खातो, एकाच्या मुलीच्या लग्नात सगळा डबा पंगतीला असतो. त्यातल्या एका मित्राने नोकरी सोडून कल्याणला छोटा छापखाना टाकला. मशीन घ्यायला एका पतसंस्थेतून दोन लाखांचं कर्ज काढायचं होतं, दोन जामीनदार हवे होते. त्याने मला विचारलं. २००३ ची गोष्ट. एका शनिवारी दुपारी ऑफिस सुटल्यावर कल्याणला गेलो, पगाराची स्लिप जोडली, आठ-दहा ठिकाणी सह्या केल्या. पंधरा मिनिटांचं काम. वर चहा आणि वडापाव. घरी आलो तर बाईंनी विचारलं, ‘‘उशीर झाला?’’ मी म्हटलं, ‘‘गाड्या लेट होत्या.’’

का नाही सांगितलं? मी स्वतःला दोन कारणं दिली होती. पहिलं म्हणजे, आपण कुठे पैसे दिलेत, नुसती सही तर केली आहे. दुसरं म्हणजे, मित्रामित्रांतली गोष्ट, घरात कशाला? खरं कारण तिसरं होतं. सांगितलं असतं तर बाई ‘नको’ म्हणाल्या असत्या, आणि त्यांचं ‘नको’ बरोबर आहे हे मला आतून ठाऊक होतं.

इथे दोन मिनिटं कायद्याचं सांगतो, तरुण मंडळींनी नीट ऐका. आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर कर्जदाराची जबाबदारी तेवढीच जामीनदाराची जबाबदारी. म्हणजे आधी कर्जदाराच्या मागे लागा, त्याच्याकडून नाहीच मिळालं तर माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. दोन जामीनदार असले म्हणून निम्मं-निम्मंही होत नाही. पूर्ण रक्कम एकाकडूनही मागता येते. आणि कर्ज सहकारी पतसंस्थेचं असेल तर आपल्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळतो. त्या दाखल्यावर जप्तीपर्यंत जाता येतं. सहकार कायद्याचं पुस्तक माझ्या कपाटात होतं, सोसायटीच्या कामासाठी. सोसायटीची कलमं मला पाठ होती. ते पान मी कधी उलटलं नाही.

२६ जुलै २००५ कोण विसरेल? वालधुनीचं पाणी त्या छापखान्यात छातीपर्यंत चढलं. मशीन दोन दिवस पाण्याखाली. कागदाची रिमं भिजून लगदा. मित्राने बुडवायचं म्हणून बुडवलं नाही हो, तो स्वतःच बुडाला. हप्ते थांबले. त्याने मला सांगितलं नाही, लाजेने. म्हणजे बघा, तो माझ्यापासून लपवत होता आणि मी बाईंपासून लपवत होतो. दुसऱ्या जामीनदाराने गाव गाठलं, त्याचा पत्ताच लागेना.

जुलै २००६ मध्ये रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. बाईंची शाळा सकाळची असायची, दुपारी त्या घरी असत. पोस्टमनकडून सही करून पाकीट त्यांनीच घेतलं. मी संध्याकाळी घरी आलो, तर चहाच्या कपाशेजारी ते पाकीट. न फोडलेलं. म्हणाल्या, ‘‘तुमच्या नावाचं आहे, म्हणून फोडलं नाही.’’ ते वाक्य मला नंतर कितीतरी दिवस टोचत राहिलं. मी त्यांच्यासमोर पाकीट फोडलं. मुद्दल, व्याज, दंडव्याज मिळून सव्वा दोन लाख रुपये. तेव्हा माझा पगार एकवीस हजार होता.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चार दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं. लेक बारावी होऊन इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या रांगेत होती, तिला काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं. तिच्या शिक्षणासाठी आम्ही एक लाख चाळीस हजारांची मुदत ठेव केली होती. घरात रोख म्हणावी अशी तेवढीच रक्कम.

पाचव्या दिवशी रात्री बाईंनी कपाट उघडलं. साड्यांच्या खाली अंथरलेला कागद असतो ना, त्याच्या खालून पोस्टाचं पासबुक काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. आपल्याकडे बचतीच्या एजंट काकू यायच्या, महिन्याला कार्डावर सही करून पैसे न्यायच्या, आठवतंय? मी समजायचो त्या भिशीच्या काकू आहेत. बाई बारा वर्षं महिना तीनशे रुपये आरडीत भरत होत्या. मुदत संपली की पुन्हा नवी. व्याजासकट चौऱ्याऐंशी हजार झाले होते.

आणि तुम्हाला खरं सांगू का? मला राग आला! सव्वा दोन लाखांची सही लपवणारा मी, आणि मी त्यांना विचारतो, ‘‘तू माझ्यापासून लपवलंस?’’

बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘माझे वडील गेले तेव्हा मी दहावीत होते. आईला माहेरी जायचं तर एसटीच्या तिकिटाचे पैसेही काकांकडे मागायला लागायचे. काका वाईट नव्हते, देत होते. पण द्यायच्या आधी ‘कशाला?’ म्हणून विचारत होते. मला आयुष्यात एवढे तरी पैसे हवे होते की जे मागावे लागणार नाहीत.’’

बावीस वर्षांचा संसार झाला होता आमचा तेव्हा. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होतो.

पुढे झालं ते असं. मुदत ठेव मोडून एक लाख चाळीस हजार पतसंस्थेत भरले. उरलेल्या पंच्याऐंशी हजारांचे दोन वर्षांचे हप्ते बांधून घेतले. लेकीची पहिल्या वर्षाची फी बाईंच्या त्या आरडीतून गेली. आणि पुढच्या तीन वर्षांसाठी लेकीने शैक्षणिक कर्ज घेतलं. त्या रकमेला तेव्हा तारण किंवा बाहेरचा जामीनदार लागत नव्हता, आई-वडील सहकर्जदार म्हणून पुरत होते. बँकेत गेलो तर लेक फॉर्मचं पान न् पान वाचायला लागली. मागे रांग, ऑफिसर घड्याळाकडे बघतोय. मी म्हटलं, ‘‘अगं, कर ना सही.’’ ती मान वर न करता म्हणाली, ‘‘बाबा, वाचून करते.’’ ती काही टोमणा मारत नव्हती, तिला सगळं माहीतही नव्हतं. पण मी गप्प खुर्चीत बसलो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. त्याच ऑगस्टमध्ये आपल्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा होती, खाली पार्किंगमध्ये. मी हिशेब मांडला. पाण्याच्या पंपाच्या दुरुस्तीत तीनशे चाळीस रुपयांची पावती गहाळ होती. त्या तीनशे चाळीस रुपयांवर पाऊण तास चर्चा झाली. काही जण आज इथे समोर बसलेत, नावं घेत नाही. ‘खजिनदारांनी खुलासा करावा!’ ‘खर्चाला कमिटीची पूर्वमंजुरी होती का?’ मी घामाघूम. बाई मागच्या रांगेत बसून ऐकत होत्या.

घरी आलो. पंख्याखाली बसून मी लोकांच्या नावाने बोटं मोडत होतो. बाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘तीनशे चाळीस रुपयांसाठी अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांना उत्तरं दिलीत. सव्वा दोन लाखांसाठी मला एकटीला दिली नाहीत. सोसायटीची सभा दरवर्षी घेता. घरची कधी घेणार?’’

तर मंडळी, पुढच्याच रविवारी आमच्या घरची पहिली सर्वसाधारण सभा झाली. स्थळ, स्वयंपाकघरातलं टेबल. गणपूर्ती, दोन. अध्यक्षांना निर्णायक मत नाही. एक विरुद्ध एक झालं तर विषय पुढच्या सभेपर्यंत स्थगित. एक दोनशे पानी वही घेतली. त्या वहीत त्या दिवशी जे ठरलं ते थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. तेच तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, ताळेबंद. आहे काय आणि देणं काय. दोघांनी आपापली सगळी कागदपत्रं टेबलावर आणायची. पगार, पीएफ, ठेवी, पॉलिसी, सोनं, कर्जं, उसने दिलेले, उसने घेतलेले आणि केलेल्या सह्या. हे करायला आम्हाला तीन रविवार लागले. माझी एक विमा पॉलिसी निघाली, तिच्यावर वारस म्हणून माझ्या आईचं नाव होतं. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

दुसरी गोष्ट, घरखर्च कोणी किती द्यायचा. तोवर पद्धत अशी होती की मी ‘घर चालवतो’ आणि बाई ‘हातभार लावतात’. वहीत लिहिल्यावर कळलं की किराणा, दूध, गॅस, लेकीचे क्लास, पाहुणे-रावळे आणि आहेर हे सगळं त्यांच्या पगारातून जात होतं. त्याला मी हातभार म्हणत होतो! तेव्हा माझे एकवीस हजार, त्यांचे चौदा. घरखर्च वीस हजार. मी उदारपणे म्हटलं, निम्मं-निम्मं करू, दहा-दहा. गणिताच्या शिक्षिका आहेत त्या. म्हणाल्या, मग तुमच्याकडे अकरा उरतात आणि माझ्याकडे चार. हे निम्मं-निम्मं कसं? मग मिळकतीच्या प्रमाणात ठरलं. साठ आणि चाळीस टक्के. मी बारा हजार द्यायचे, त्यांनी आठ. दोघांच्या नावावर एक खातं काढलं, पगार झाला की त्यात आपापला वाटा टाकायचा आणि घरचं सगळं तिथूनच जायचं. मला नऊ उरायचे, त्यांना सहा. त्या नवातून अर्थात दोन वर्षं पतसंस्थेचा हप्ता गेला, आणि त्यावर चर्चेला वाव नव्हता.

तिसरी गोष्ट, दोन सह्या. सोसायटीच्या चेकवर असतात तशा. पाच हजारांच्या वरचा कुठलाही खर्च एकट्याने करायचा नाही. आता ती मर्यादा वीस हजार केली आहे, महागाई वाढली. कर्ज, जामीन, उसनवारी, कोणाच्या धंद्यात पैसे घालणं, याला मात्र रकमेची मर्यादा नाही. शंभर रुपयांचं असलं तरी दोघांना माहीत हवं. याचा एक फायदा मला नंतर कळला. कोणी भिडेला घातलं की मी सांगतो, ‘‘आमच्याकडे दोन सह्या लागतात.’’ समोरचा माणूस हसतो, पण आग्रह सोडतो.

चौथी गोष्ट बाईंनी घातली आणि मला ती सगळ्यात उशिरा पटली. बिनहिशेबी पैसे. दर महिन्याला दोघांनी ठरावीक रक्कम अशी ठेवायची की जिचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. मी म्हटलं, अगं, लपवाछपवी नको म्हणून तर सभा घेतली, आणि तू लपवायलाच पैसे बाजूला काढतेस? त्या म्हणाल्या, ‘‘लपवणं वेगळं. रक्कम वहीत लिहिलेली आहे. तिचं मी काय करते हे फक्त विचारायचं नाही.’’ आता समजतं. माणूस कमावता असो नसो, दर वेळी ‘कशाला?’ला उत्तर द्यावं लागलं की तो मनातून लहान होतो. मग त्याला पासबुक साड्यांखाली ठेवावं लागतं. बाईंची नवी आरडी पुढच्याच महिन्यात सुरू झाली. आता पासबुक ड्रॉवरमध्ये असतं. मी कधी उघडून बघितलं नाही. मी माझ्या पैशांतून जुन्या मराठी गाण्यांच्या कॅसेटी घेत होतो, त्या लावायला आता घरात यंत्र नाही, पण मलाही कोणी विचारलं नाही.

पाचवी, सिंकिंग फंड. आपल्या उपविधीत आहे, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंड, आणि पाऊण टक्का दुरुस्ती-देखभाल निधी. दर वर्षी कोणीतरी विचारतं, बिल्डिंग चांगली आहे, कशाला भरायचे? २०१७ मध्ये प्लंबिंगच्या पाइपांचं काम निघालं तेव्हा कोणी विचारलं नाही. घराचंही तेच. सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी रक्कम आधी उभी करायची, मग बाकीचे बेत. आम्हाला ती उभी करायला चार वर्षं लागली. २०१९ मध्ये माझी अँजिओप्लास्टी झाली. विम्याची रक्कम मंजूर व्हायच्या आधी हॉस्पिटलात भरायचे पैसे तिथून आले. बाईंना कोणाला फोन करावा लागला नाही.

आता थोडं कागदपत्रांबद्दल. हे कंटाळवाणं आहे म्हणून पटकन सांगतो, पण घरी जाऊन करा. आमच्या नात्यात एक गृहस्थ गेले, अचानक. सगळे व्यवहार त्यांच्या फोनवर. विजेचं बिलसुद्धा. वहिनींना फोन उघडायचा आकडा माहीत नव्हता. घरात पैसा होता आणि वीज तोडायची नोटीस आली होती. दुःखात असलेल्या माणसाला आपण हे द्यायचं का?

बँकेतलं खातं दोघांच्या नावावर असलं तरी ते कसं चालवायचं याची सूचना तपासा. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असेल तर दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकतो आणि एकजण गेल्यावर दुसऱ्याचं अडत नाही. ‘जॉइंटली’ असेल तर प्रत्येक वेळी दोन्ही सह्या लागतात, आणि एक गेला की खातं अडतं. पीपीएफ जोडीने काढताच येत नाही, म्हणून तिथे वारसाचं नाव बघा.

आणि वारसाचं नाव, म्हणजे नामनिर्देशन, म्हणजे मालकी नव्हे! खजिनदार म्हणून मी हे शंभर वेळा सांगितलं असेल. सोसायटीत तुम्ही नामनिर्देशनाचा फॉर्म तीन प्रतींत भरता, तो माणूस तुमच्या पश्चात सोसायटीशी व्यवहार करायला असतो. फ्लॅटची मालकी कोणाची हे मृत्युपत्र आणि वारसा कायदा ठरवतो. म्हणून नामनिर्देशन करा आणि मृत्युपत्रही करा. मृत्युपत्र साध्या कागदावर होतं. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही, केली तर चांगलं. आणखी एक. नवऱ्याने स्वतःच्या आयुष्याची विमा पॉलिसी घेतानाच ती विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली बायको-मुलांसाठी करून घेतली, तर एरवी सावकार त्या पैशाला हात लावू शकत नाहीत. दीडशे वर्षं जुना कायदा आहे. मला जामीनदारकीच्या आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता फ्लॅटचं. १९९७ साली बुकिंग केलं तेव्हा बिल्डरच्या ऑफिसात त्या माणसाने विचारलं, ‘‘साहेब, नाव?’’ मी माझं सांगितलं. बाई शेजारीच बसल्या होत्या. बुकिंगचे पैसे त्यांच्या शाळेच्या सोसायटीतून कर्ज काढून आणले होते. त्या काही बोलल्या नाहीत, मी काही विचारलं नाही. गृहकर्जाचे व्याजदर तेव्हा पंधरा टक्क्यांच्या आसपास होते, हप्ते फेडता फेडता दोघांचीही दमछाक झाली. शेअर सर्टिफिकेटवर नाव एकट्या माझं. पन्नास रुपयांचे दहा शेअर. जप्तीचा विषय निघाला तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ज्या घरासाठी त्या राबल्या, त्या घरावर माझ्या एका सहीमुळे टाच येऊ शकत होती, आणि त्यांना विचारायलाही कोणी आलं नसतं.

ही चूक दुरुस्त करायला मला खूप वर्षं लागली, हे कबूल करतो. २०१६ मध्ये निम्म्या हिश्शाचं बक्षीसपत्र नोंदवून बाईंचं नाव चढवलं. आपल्या राज्यात नवरा-बायकोतल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे, चौकशी करा. कमिटीने ठराव करून सर्टिफिकेटवर नोंद करून दिली. सेक्रेटरी गमतीने म्हणाले, ‘‘काका, आता सभेत मत देताना कोण हात वर करणार?’’ गेली नऊ वर्षं बाईच करतात.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. २०१३ मध्ये मी निवृत्त झालो. आमची कंपनी खासगी. पीएफ मिळाला, त्यातला बराचसा लेकीच्या लग्नात आणि आईच्या आजारपणात काढलेल्या कर्जात गेला. पेन्शन आली महिना दोन हजार एकशे काही. बाई नोकरीत होत्या, २०१८ ला निवृत्त झाल्या, अनुदानित शाळेतल्या जुन्या शिक्षिका म्हणून त्यांना चांगलं पेन्शन आहे. म्हणजे साठ-चाळीसचं प्रमाण उलटलं. तेही कसं, तर जवळजवळ सगळं त्यांच्याकडून आणि माझं नावाला.

माझ्या निवृत्तीनंतरच्या पहिल्या सभेत मी वही उघडली आणि माझ्या वाट्यापुढे आकडा लिहिताना हात थांबला. एकोणतीस वर्षं मी मिळवता होतो. नंतरच्या आठवड्यात मला चष्मा बदलायचा होता. तीन-चार दिवस मी तो विषय काढलाच नाही. शेवटी एका सकाळी, बाई शाळेत निघाल्या असताना, मी म्हटलं, ‘‘चष्म्यासाठी थोडे पैसे लागतील.’’

त्या चप्पल घालत होत्या. थांबल्या. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘मागू नका. कार्ड ड्रॉवरमध्ये आहे.’’

एवढंच. आणि शाळेत निघून गेल्या. मी बराच वेळ तिथेच उभा होतो. त्यांच्या आईची एसटीच्या तिकिटाची गोष्ट मला त्या वेळी खरी कळली.

त्या वर्षीच्या वहीत त्यांनी माझ्या बिनहिशेबी पैशांचा आकडा पूर्वीएवढाच लिहिला. एक रुपया कमी नाही.

तो मित्रही सांगायला हवा. त्याने आठ वर्षांत, जमेल तसे, पाचशे, हजार करत एक लाख साठ हजार परत केले. उरलेले आम्ही सोडून दिले. अर्थात सभेत रीतसर ठराव करून, सूचक मी, अनुमोदक बाई. आजही दिवाळीला तो येतो. यंदा फराळ करताना मला म्हणाला, ‘‘तेव्हा मी तुला सांगायला हवं होतं रे.’’ मी म्हटलं, मीही कोणालातरी सांगायला हवं होतं.

तरुण मंडळींनो, तुमचं आमच्यापेक्षा वेगळं आहे. दोघांचे पगार, दोघांचे ॲप, हप्ता आपोआप कापला जातो. माझी लेक आणि जावई सगळं फोनवरच्या तक्त्यात ठेवतात, वही बघून हसतात. हसा. खाती एकत्र ठेवा की वेगळी ठेवा, आम्ही दोन्ही बघितलंय, दोन्ही चालतं. फक्त एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, असं ठेवू नका. आणि विचारताना चौकशी अधिकाऱ्यासारखं विचारू नका, नाहीतर उत्तरं मिळायची थांबतात.

आज घरी गेल्यावर जेवणं झाली की एकच करा. एकमेकांना विचारा, ‘‘तू कुठे कुठे सही केली आहेस?’’ आणि दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत मधे बोलू नका. एवढी पहिली सभा पुरे.

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. आमच्या घरच्या सभांना पुढच्या वर्षी वीस होतील. वही सातवी चालू आहे. कोणाला नमुना बघायचा असेल तर बी विंगला या, चहा मिळेल. वही दाखवायची की नाही ते मात्र बाईंना विचारून सांगतो. दोन सह्या लागतात.

तीनशे चाळीस रुपयांच्या पावतीबद्दल कोणी विचारलं नाहीत, त्याबद्दल आभार.

जय हिंद, जय महाराष्ट्र.

– माजी खजिनदार, बी विंग